ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये क्लास कसा निवडावा: लोकप्रियतेचे आकडे वाचण्याची आणि गट बांधण्याची पद्धत

ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात रात्री साडेनऊ-दहानंतर एकत्र येऊन ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणारे लहान-लहान गट बरेच आहेत. कोणी महापे-ऐरोलीच्या ऑफिसातून सुटून ठाणे-वाशी लोकलने घरी पोहोचलेला असतो, कोणी घोडबंदर रोडवरच्या कॉलेजात शिकत असतो, तर कोणी मुलांना झोपवून मग डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर येतो. अशा गटाने नवा गेम सुरू करायचे ठरवले की गेम कोणता यावर एकमत लवकर होते, पण क्लासवर, म्हणजे कोणी कोणत्या प्रकारचे पात्र घ्यावे यावर, गाडी अडते. प्रत्येकाने आपापला तलवारबाज, जादूगार किंवा धनुर्धारी मनात आधीच पक्का केलेला असतो आणि "अरे, टँक कोण घेणार?" असे, म्हणजे पुढे राहून शत्रूचा मार कोण सोसणार असे, विचारले की कोणीच काही बोलत नाही. मग कोणीतरी इंटरनेटवरची 'सर्वांत लोकप्रिय क्लास' अशी यादी पुढे करतो आणि वादात भरच पडते.

हा लेख तो निर्णय पायरीपायरीने कसा घ्यावा याविषयी आहे. त्यामागचे माझे मुख्य म्हणणे आधीच सांगतो. क्लासची लोकप्रियता ही बहुतेक वेळा माणसे एकटी असताना काय निवडतात याची नोंद असते, आणि गटाला नेमकी त्याच गोष्टीची गरज असते जी एकटी माणसे टाळतात. त्यामुळे लोकप्रियतेचा तक्ता टंचाई कुठे आहे हे शोधण्यासाठी वाचावा. तसा वाचला तर तो फार उपयोगी पडतो.

पहिली पायरी: निवड किती बांधून ठेवते ते पाहा

कोणताही तक्ता उघडण्यापूर्वी आपल्या गेममध्ये क्लास बदलता येतो का, आणि येत असेल तर त्याची किंमत काय, हे तपासावे. या बाबतीत गेमचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिल्या प्रकारात पात्र तयार करताना निवडलेला क्लास कायमचा असतो. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट याचे ठळक उदाहरण आहे. तिथे हंटर म्हणून सुरू केलेले पात्र हंटरच राहते. दुसरा क्लास हवा असेल तर दुसरे पात्र वाढवावे लागते. मात्र त्या क्लासच्या आतली स्पेशलायझेशन, म्हणजे कामाचे उपप्रकार, आता लढाई चालू नसताना सहज बदलता येतात आणि हा मुद्दा पुढे फार कामाला येतो. दुसऱ्या प्रकारात एकच पात्र सगळे क्लास शिकू शकते. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये हातातले शस्त्र बदलले की जॉब (तिथला क्लास) बदलतो, म्हणजे संध्याकाळी टँक असलेला खेळाडू रात्री हीलर, म्हणजे जखमा भरणारा, होऊ शकतो, फक्त प्रत्येक जॉबची लेव्हल वेगळी वाढवावी लागते. तिसऱ्या प्रकारात क्लास नावाची गोष्टच नसते. १९९७ चा अल्टिमा ऑनलाइन कौशल्यांवर चालत असे, आणि आजच्या अल्बियन ऑनलाइनमध्ये तुम्ही अंगावर जे चिलखत आणि हातात जे शस्त्र घ्याल त्यावरून तुमचे काम ठरते.

आपला गेम दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारातला असेल तर पहिली निवड हलक्या मनाने करावी, कारण ती चुकली तरी फारसे बिघडत नाही. पुढची सगळी काळजी मुख्यतः पहिल्या प्रकारासाठी आहे.

दुसरी पायरी: आधी काम, मग क्लास

क्लासची कल्पना कागदावरच्या खेळातून आली. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स प्रसिद्ध केला तेव्हा त्यात फायटिंग मॅन, मॅजिक यूझर आणि क्लेरिक असे तीनच क्लास होते. चोर पुढच्या वर्षी पुरवणीतून आला. लढणारा, जादूने मारणारा आणि बरे करणारा ही विभागणी तिथूनच संगणकावर उतरली. १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये मार सोसणारा वॉरियर, जखमा भरणारा क्लेरिक आणि शत्रूंना गुंगवून ठेवणारा एन्चँटर यांच्याशिवाय अवघड जागी जाणेच कठीण होते. पुढे त्यातून टँक, हीलर आणि डॅमेज (मुख्यतः मारा करणारा) हे आजचे त्रिकूट रूढ झाले.

या त्रिकुटाचे प्रमाण गेम बनवणारे ठरवून देतात आणि ते माहीत असणे अत्यावश्यक आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या डंजनमध्ये, म्हणजे लहान गटाने पार करायच्या शत्रूंनी भरलेल्या जागेत, पाच जण लागतात: एक टँक, एक हीलर, तीन डॅमेज. फायनल फँटसी फोर्टीनच्या लहान पार्टीत चौघे असतात: एक टँक, एक हीलर, दोन डॅमेज. मोठ्या पार्टीत आठ असतात आणि तिथे हेच आकडे दुप्पट होतात. काही गेमनी ही चौकट मोडण्याचा प्रयत्नही केला. २०१२ मध्ये गिल्ड वॉर्स टू आला तेव्हा त्यात वेगळा हीलर ठेवलाच नव्हता आणि प्रत्येकाने स्वतःची काळजी स्वतः घ्यावी अशी अपेक्षा होती. परंतु २०१५ च्या हार्ट ऑफ थॉर्न्स या विस्तारानंतर रेड, म्हणजे मोठ्या गटाच्या अवघड लढाया, आल्या आणि बरे करणाऱ्याचे काम पुन्हा परत आले. माझ्या मते यावरून एवढे स्पष्ट होते की अवघड लढाईत कामाची वाटणी टाळता येत नाही. तिचे नाव फार तर बदलता येते.

म्हणून गटातल्या प्रत्येकाने आधी 'मला कोणता क्लास हवा' हे न सांगता 'मला कोणते काम जमेल' हे सांगावे. क्लासचे नाव काढले की लोक चिलखताच्या रूपावर आणि जादूच्या रंगावर बोलू लागतात आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

तिसरी पायरी: लोकप्रियतेचा आकडा नेमका काय मोजतो ते ओळखा

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण बहुतेक गैरसमज इथेच होतात. एखादा क्लास 'लोकप्रिय' आहे असे म्हणताना चार वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते: किती जणांनी ते पात्र तयार केले, किती जणांनी ते शेवटच्या लेव्हलपर्यंत नेले, किती जण आज त्याने अवघड लढाया खेळतात, आणि गट जुळण्याची वाट पाहणाऱ्यांच्या रांगेत त्याची किती गरज आहे. या चारही याद्यांचा क्रम वेगवेगळा असू शकतो.

पात्र तयार करण्याच्या यादीत सोपे, ओळखीचे आणि देखणे क्लास वर येतात. डीअँडडी बियाँड या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या अधिकृत साधनावर बनवलेल्या पात्रांचे आकडे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा फायटर सर्वांत वर होता. त्याच नियमांवर आधारलेल्या बाल्डर्स गेट थ्रीच्या वर्षपूर्तीला, २०२४ मध्ये, तो बनवणाऱ्या लारियनने दिलेल्या आकड्यांत पॅलाडिन पहिला होता आणि क्लेरिक तळाशी. क्लेरिक दुबळा आहे म्हणून असे झाले असे मला वाटत नाही. त्या गेममध्ये शॅडोहार्ट ही सोबतीण सुरुवातीलाच भेटते आणि ती स्वतः क्लेरिक असते. ज्या कामासाठी गेमने माणूस दिलेला आहे ते काम स्वतःच्या पात्राला कोण देईल? ऑनलाइन गेममध्ये असा तयार सोबती मिळत नाही, तरीही बरे करण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी करावे हीच वृत्ती कायम राहते.

नव्या क्लासचे आकडे तर विशेष जपून वाचावेत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २००८ साली डेथ नाइट आला तेव्हा तो थेट लेव्हल ५५ पासून सुरू होत असे, त्यामुळे ज्याच्याकडे त्या लेव्हलचे एक पात्र होते त्याला एक डेथ नाइट बनवून पाहणे सोपे होते. अशी करून पाहिलेली पात्रे मोजणीत येतात, पण त्यांतली पुष्कळशी नंतर कोणी उघडतही नाही. याच कारणाने 'सर्व पात्रे' मोजणाऱ्या तक्त्यापेक्षा 'सर्वोच्च लेव्हलची आणि अलीकडे खेळलेली पात्रे' मोजणारा तक्ता अधिक विश्वासार्ह असतो.

अवघड लढायांचे तक्ते वेगळेच काही सांगतात. वॉरक्राफ्ट लॉग्जवर रेडच्या नोंदी असतात आणि रेडर आयओवर डंजनच्या. पाथ ऑफ एक्झाइलसाठी पो निंजावर चालू लीगमधील (ठरावीक काळाच्या हंगामातील) बिल्डचे (क्लास आणि कौशल्यांच्या जुळणीचे) प्रमाण दिसते. हे तक्ते चांगले आहेत, पण त्यांत येतात ते निष्ठेने खेळणारे लोक. २०१९ मध्ये वॉरक्राफ्ट क्लासिक सुरू झाला तेव्हा रेडच्या नोंदींत वॉरियरची गर्दी होती, कारण चांगली शस्त्रे मिळाल्यावर तो प्रचंड मार देत असे. मात्र तोच वॉरियर एकट्याने लेव्हल वाढवताना सर्वांत कष्टाचा क्लास होता. ज्याने फक्त रेडचा तक्ता पाहून वॉरियर घेतला त्याला पहिले कित्येक आठवडे दर लढाईनंतर जखमा भरण्यासाठी बसून खाण्यात घालवावे लागले.

आणखी एक बारकावा आहे, जो सहसा कोणी लक्षात घेत नाही. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये २०२४ च्या डॉनट्रेल या विस्तारानंतर टँकचे चार जॉब होते, हीलरचे चार, आणि ब्लू मेज सोडला तर डॅमेजचे तेरा. समजा, एखाद्या तक्त्यात प्रत्येक टँक जॉब ६ टक्क्यांवर आणि प्रत्येक डॅमेज जॉब साधारण ४ टक्क्यांवर दिसला, तर वाचणाऱ्याला टँक अधिक लोकप्रिय वाटेल. बेरीज केल्यावर टँक २४ टक्के आणि डॅमेज ५२ टक्के निघतील. त्यामुळे कोणताही तक्ता हाती आला की पहिले काम म्हणजे क्लास कामानुसार एकत्र करून बेरीज करणे. वहीत किंवा फोनवरच्या शीटमध्ये पाच मिनिटांत होते.

त्या बेरजेवरून रांगेचा अंदाज कसा बांधायचा, तेही पाहू. पाच जणांच्या डंजनसाठी रांगेत १०० जण उभे आहेत असे धरा: १० टँक, १५ हीलर, ७५ डॅमेज. टँक दहाच असल्याने दहाच गट होतील. त्यांत १० हीलर आणि ३० डॅमेज सामावतील. ५ हीलर आणि ४५ डॅमेज बाहेर राहतील. टँक लगेच आत जाईल, हीलर थोडा थांबेल आणि डॅमेज खेळाडूला निम्म्याहून अधिक वेळा पुढच्या फेरीची वाट पाहावी लागेल. इथे आणखी दहा डॅमेज खेळाडू आले तर एकही नवा गट होणार नाही, पण एकच टँक आला तर पाच जणांचा खेळ सुरू होईल.

ही टंचाई गेम बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २००९ च्या अखेरीस आपोआप गट जुळवणारी व्यवस्था आली आणि २०११ मध्ये 'कॉल टू आर्म्स' नावाने त्या वेळी कमी पडणाऱ्या कामासाठी जादा बक्षीस सुरू झाले. फायनल फँटसी फोर्टीनच्या रूलेट या आपोआप डंजन नेमून देणाऱ्या रांगेतही गरज असलेल्या कामावर अशीच खूण आणि बक्षीस असते. तुमच्या गेममध्ये ही खूण असेल तर तुमच्या खेळण्याच्या वेळेला ती कोणत्या कामावर दिसते, हे सलग काही रात्री टिपून ठेवा. कोणत्याही संकेतस्थळावरच्या यादीपेक्षा ही नोंद तुमच्यासाठी अधिक खरी आहे, कारण ती तुमच्या सर्व्हरची आणि तुमच्या वेळेची आहे. स्टीम या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावरच्या गेमसाठी अचीव्हमेंटची (ठरावीक टप्पा गाठल्याच्या नोंदीची) टक्केवारी सर्वांना खुली असते. एखाद्या क्लासची सुरुवातीची आणि शेवटची अचीव्हमेंट यांत किती घसरण आहे यावरून लोक तो क्लास सुरू करून अर्धवट सोडतात का, हे कळते.

चौथी पायरी: लोक तो क्लास का घेतात हे समजून घ्या

आकडा कळला की कारण शोधावे. निकोलस ड्युशेनो, निक यी आणि त्यांच्या पालो आल्टो रिसर्च सेंटरमधील सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. हजारो लोकांच्या त्या जगात खेळाडू बराचसा वेळ एकटेच वावरतात, विशेषतः सुरुवातीच्या लेव्हलवर, असे त्यात दिसले. हे ध्यानात घेतले की हंटरसारख्या क्लासचे आकर्षण लगेच उमगते. त्याच्याबरोबर पाळीव प्राणी असतो, तो पुढे जाऊन मार खातो, आणि खेळाडू लांबून बाण मारतो. म्हणजे एका खेळाडूला टँकही मिळाला आणि डॅमेजही.

उलट, टँक टाळण्याचे कारण बहुतेक वेळा कौशल्य नसून जबाबदारी असते. ठाण्यात वाढलेल्या वाचकाला दहीहंडीचे थर ठाऊकच आहेत: सगळ्यांच्या नजरा वरच्या गोविंदावर असतात, पण खालच्या थरातला एक पाय सरकला की अख्खा मनोरा खाली येतो, आणि त्या पायाचा धनी सर्वांना आठवतो. टँकला वाट माहीत असावी लागते, कोणत्या शत्रूंना एकत्र ओढायचे हे त्याने ठरवायचे असते, आणि तो पडला की साऱ्या गटाला दिसते. डॅमेज देणाऱ्या तिघांपैकी एकाचे लक्ष उडाले तर लढाई थोडी लांबते, इतकेच. अनोळखी लोकांसमोर ही जोखीम नको वाटणे स्वाभाविक आहे. पण ओळखीच्या पाच जणांत ती जोखीम जवळपास उरत नाही, आणि मित्रांच्या गटाचा खरा फायदा इथेच आहे असे मी मनापासून मानतो: बाहेर ज्या कामाला माणूस घाबरतो ते आपल्या माणसांत शिकता येते.

याखेरीज सध्याच्या पॅचमध्ये (गेमच्या ताज्या बदलांत) क्लास जोरात आहे हेही एक कारण असते. ते सर्वांत तकलादू. आज बफ मिळालेला (बळकट केलेला) क्लास पुढच्या पॅचमध्ये नर्फ (दुबळा) होतो. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये तर काही महिन्यांनी नवी लीग आली की आवडत्या बिल्डची यादीच पालटते. पॅचच्या जोरावर निवडलेला क्लास पॅचबरोबर सोडावासा वाटतो, म्हणून कायमच्या निवडीत या कारणाला सर्वांत कमी वजन द्यावे.

पाचवी पायरी: आपल्या घड्याळाचा आणि आपल्या इंटरनेट लाइनचा विचार करा

परदेशी मार्गदर्शकांत ही पायरी नसते, आणि आपल्याकडे तिच्यावरच बरेच काही अवलंबून असते.

आधी घड्याळ. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा जपानमध्ये दीड वाजलेला असतो आणि सिडनीत अडीच, तिथल्या उन्हाळ्यात साडेतीन. सिंगापूरला साडेबारा झालेले असतात. त्याच वेळी मध्य युरोपात हिवाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेसहा वाजलेले असतात, म्हणजे तिथली गर्दी नुकती जमू लागलेली असते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आणि फायनल फँटसी फोर्टीन या दोघांचेही सर्व्हर भारतात नाहीत, तेव्हा सर्व्हर निवडताना ही वेळ क्लासइतकीच महत्त्वाची ठरते. झोपी गेलेल्या सर्व्हरवर डॅमेज क्लास घेऊन रांगेत उभे राहणे फार कंटाळवाणे असते. तिथे टँक किंवा हीलर असाल तरच रात्र कारणी लागते. युरोपच्या सर्व्हरवर तुमच्या वेळेला माणसे असतात, पण लाइन लांबची असते. अल्बियन ऑनलाइनचा आशियासाठीचा सर्व्हर २०२३ मध्ये सिंगापुरात सुरू झाला, तो आपल्याला पिंगच्या, म्हणजे संदेश सर्व्हरला जाऊन परत येण्याच्या वेळेच्या, दृष्टीने बरा पडतो.

आता लाइन. ऐरोली, रबाळे, महापे या भागांत मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत, त्यामुळे शेजारी राहणाऱ्याला आपला पिंग उत्तम असणार असे वाटते. परंतु गेमचा सर्व्हर त्या इमारतींत नसेल तर त्याचा काहीही उपयोग नाही. डेटाला समुद्राखालून जावेच लागते. म्हणून पिंग मोजायचा तो गेमच्या आतला, आणि तुम्ही खेळता त्याच वेळी. दुपारी बारा वाजता आलेला आकडा रात्री दहाला लागू पडत नाही, कारण तेव्हा सोसायटीतल्या प्रत्येक घरी काहीतरी पाहणे चालू असते. शक्य असेल तर वायफायऐवजी लॅन केबल जोडून मोजावे. सरासरीपेक्षा चढउतार किती होतो ते पाहावे: कायम १५० मिलिसेकंद असणारी लाइन ही ६० ते ३०० मध्ये उड्या मारणाऱ्या लाइनपेक्षा खेळायला चांगली, कारण हाताला तिची सवय होते.

वाढलेला पिंग सगळ्या क्लासना सारखा नडत नाही. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये मुख्य कौशल्यांत साधारण २.५ सेकंदांचे अंतर असते आणि त्या अंतरात खेळाडू एक-दोन जादा कौशल्ये बसवतो. प्रत्येक जादा कौशल्यानंतर पात्र क्षणभर अडकते, आणि त्यात पिंगची भर पडते. दोन बसवायला गेले की दुसरे पुढच्या मुख्य कौशल्याला मागे ढकलते. मशिनिस्ट या जॉबला हे फार जाणवते, कारण त्याच्या जोराच्या टप्प्यात हे अंतर १.५ सेकंदांवर येते आणि प्रत्येक गोळीमागे एक जादा कौशल्य बसवायचे असते. पिंग वाढला की त्या टप्प्यातली एखादी गोळीच हुकते. ज्याची लाइन तितकी चांगली नाही त्याने असा जॉब मुख्य म्हणून घेऊ नये. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये पुढचे कौशल्य थोडे आधीच दाबून ठेवण्याची सोय असल्याने नेहमीचा मारा फारसा मंदावत नाही, पण शत्रूची जादू ऐन वेळी तोडण्याचे काम मात्र उशिरा होते. ते काम गटातल्या सर्वांत स्थिर लाइन असलेल्या माणसाकडे द्यावे.

टँकच्या बाबतीत तर लाइन तुटणे म्हणजे सगळा गट पडणे. ज्याच्या घरी वारंवार वीज जाते आणि राउटर इन्व्हर्टरवर नाही, त्याने टँक होण्याआधी राउटरची सोय करावी. छोट्या राउटर यूपीएसने हे काम भागते.

सहावी पायरी: गटात वाटप करा

वाटप समोरासमोर बसून करावे. शक्यतो चॅटवर करू नये. आम्ही हे तलावपाळीला चहा घेताना कागदावर केले आणि ते चॅटपेक्षा फार सोपे गेले, कारण समोर बसलेल्या माणसाची नाराजी चेहऱ्यावर दिसते. प्रत्येकाने तीन गोष्टी लिहून द्याव्यात: आवडीचे काम, चालेल असे दुसरे काम, आणि मुळीच नको असलेले काम. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. जो गप्प आहे त्याच्यावर टँक लादणे ही गटांतली नेहमीची पद्धत आहे आणि ती मला अत्यंत चुकीची वाटते. असा माणूस दोन-तीन आठवड्यांत काही न बोलता येणे बंद करतो आणि गट फुटतो.

सर्वांनीच टँक नको म्हटले तर दुहेरी कामाचे क्लास पुढे आणावेत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये पॅलाडिन, ड्रुइड आणि मंक हे तिन्ही कामे करू शकतात. प्रीस्ट, शामन आणि एव्होकर बरे करणे व मारणे करतात. वॉरियर आणि डेथ नाइट सोसणे व मारणे करतात. हंटर, रोग, मेज आणि वॉरलॉक फक्त मारतात. पाच जणांच्या गटात या शेवटच्या चौघांपैकी दोनपेक्षा अधिक नसावेत असा माझा आग्रह असतो. कारण साधे आहे: एखाद्याची रात्रपाळी लागते, एखाद्याची लोकल चुकते, कोणाच्या घरी पाहुणे येतात. उरलेल्या चौघांत दोघे जण काम बदलू शकत असतील तर बाहेरून एकच डॅमेज खेळाडू घ्यावा लागतो, आणि तो क्षणात मिळतो. टँक शोधायची वेळ आली तर रात्र तशीच जाते.

मोठ्या रेडमध्ये जाण्याचा विचार असेल तर कमी लोकप्रिय क्लासचा आणखी एक लाभ आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये काही क्लास साऱ्या गटाला अशी मदत देतात जी दुसरा कोणी देत नाही: मेजमुळे सर्वांची बुद्धी वाढते, प्रीस्टमुळे सर्वांचे आयुष्य वाढते, मंकमुळे शत्रूला शारीरिक मार अधिक लागतो. रेड बांधणारा प्रत्येक प्रकारचा किमान एक जण शोधतो. पहिल्या मंकला म्हणूनच जागा सहज मिळते, चौथ्या हंटरला मात्र इतरांपेक्षा स्पष्टपणे सरस असावे लागते. मिळणाऱ्या चिलखतावरही हेच लागू पडते. कापडी चिलखत मेज, प्रीस्ट आणि वॉरलॉक यांच्यात वाटले जाते. गटातले तिघेही हेच असतील तर तिघे एकाच वस्तूवर डोळा ठेवून बसतात आणि साखळीचे चिलखत कोणालाच नको म्हणून वाया जाते.

वाटप पूर्ण झाल्यावर एकदा उलट बाजूनेही पाहावे. गटात प्रत्येकाला दुसऱ्याच पसंतीचे काम मिळाले असेल तर ते वाटप कागदावर कितीही नीट दिसले तरी टिकत नाही. निदान तिघांना तरी पहिल्या पसंतीचे काम मिळायला हवे. तसे होत नसेल तर अपूर्ण गट घेऊन सुरुवात करावी आणि कमी पडणारे काम रांगेतून भरावे. त्यात काही वावगे नाही.

सातवी पायरी: पैसे भरण्याआधी खेळून पाहा

बहुतेक मोठ्या गेममध्ये मोफत चाचणीची सोय असते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट लेव्हल २० पर्यंत मोफत खेळता येतो. फायनल फँटसी फोर्टीनची चाचणी लेव्हल ७० पर्यंत चालते, तिला दिवसांची मर्यादा नाही, मात्र बाजारपेठ वापरता येत नाही. गिल्ड वॉर्स टूचा मूळ भाग २०१५ पासून मोफत आहे, आणि अल्बियन ऑनलाइन २०१९ पासून.

या काळात लेव्हल वाढवण्याच्या मागे लागू नये. पाहायचे ते एवढेच: त्या क्लासने लागोपाठ काही डंजन केल्यावर पुन्हा एक करावेसे वाटते का. हीलरची परीक्षा घ्यायची असेल तर गटातल्या एकाने मुद्दाम थोडे बेफिकीर खेळावे, म्हणजे हीलरला चुका सावरण्यात मजा येते की चीड येते हे लगेच दिसते. मजा येणारा माणूस जन्माचा हीलर असतो. टँकसाठी उलट करावे: बाकीच्यांनी वाट न दाखवता त्याला पुढे जाऊ द्यावे, चुकला तरी काही बोलू नये, आणि डंजन संपल्यावर त्यालाच विचारावे की पुन्हा करणार का. सुरुवातीच्या लेव्हलला क्लासची निम्मी कौशल्येही उघडलेली नसतात हे लक्षात ठेवून शेवटच्या लेव्हलचा खेळ एखाद्या व्हिडिओत पाहून घ्यावा. त्यातले आकडे सोडून द्यावेत आणि हात किती भराभर चालवावे लागतात एवढेच बघावे.

लेव्हल वाढवून देणारा बूस्ट काही गेम विकतात. पहिल्या क्लाससाठी तो घेऊ नये. लेव्हल वाढवताना कौशल्ये एकेक करून हाताला बसतात. बूस्ट घेतलेल्या नव्या टँकसमोर एकाच वेळी वीस-पंचवीस बटणे येतात आणि तो पहिल्याच डंजनमध्ये गांगरतो. दुसरे पात्र वाढवताना, गेम माहीत झाल्यावर, घ्यायचा असेल तर घ्यावा.

पहिल्या मोठ्या पॅचनंतर गटाने पसंतीचा कागद पुन्हा भरावा. तोवर कोणाला काय झेपते हे सर्वांना कळलेले असते, आणि सुरुवातीला 'मुळीच नको'च्या रकान्यात टँक लिहिणाऱ्यांपैकी एखाद्याने तो शब्द दुसऱ्या रकान्यात सरकवलेला असण्याची शक्यता बरीच असते. तसे झाले तर त्याला लगेच मुख्य टँक करू नये; आठवड्यातली एक रात्र त्याच्यासाठी राखावी, सोपे डंजन निवडावे, आणि नेहमीच्या टँकने त्या रात्री डॅमेज खेळावे.